नाखवा नाल्यात उतरला

भाईंदर पश्चिमेच्या जुन्या कोळीवस्तीत जन्मलेल्या लीलाधरला पोहता येत नव्हतं. हे त्याच्या आईला, गोदूबाईला ठाऊक होतं, बायको उर्मिलाला ठाऊक होतं, आणि वस्तीबाहेर कुणाला कळू नये म्हणून लीलाधर जिवाचा आटापिटा करत होता.

खरं तर यात त्याचा दोष नव्हता. थोरला भाऊ ईश्वर बापाबरोबर होडीवर जायचा. एकदा जाळं ओढता ओढता पाण्यात गेला तो गेलाच, अंगावरचा सदरासुद्धा परत आला नाही. त्या दिवसापासून गोदूबाईने धाकट्याला दर्याच्या वाऱ्याला उभं राहू दिलं नाही. वस्तीतली पोरं खाडीत डुंबायची आणि हा ओट्यावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचा. एकदा चोरून जेटीवर गेला, तर तिने त्याला ओल्या दोराने फोडून काढलं होतं. पुढे तो काशीमीऱ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर झाला. मासळी त्याच्या वाट्याला आली ती गोठलेली, खोक्यात भरलेली. गोदूबाईचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. पोरगं कोरडं राहिलं, तिला तेवढं पुरे होतं.

मित्र त्याला भेटले ते जवळच्या चेणे गावात, नदीवर. अभिनव, जितेंद्र आणि सुभाष हे तिघं मुंबईतून भाईंदरला राहायला आलेले. अभिनव इंटिरियरची कामं घ्यायचा, जितेंद्र विमा कंपनीत होता, सुभाष बँकेत. दर रविवारी उंच चाकांच्या दोन जीपा घेऊन चेण्याच्या नदीत जायचं, चिखल तुडवायचा, एखादी गाडी रुतवायची, ती बाहेर काढायची आणि त्याला ऑफ-रोडिंग म्हणायचं, हा त्यांचा नाद. एकदा अभिनवची जीप अशीच रुतली होती आणि स्कूटरवरून जाणारा लीलाधर ढकलायला उतरला. नाव विचारलं, त्याने सांगितलं. राहता कुठे विचारलं, तेही सांगितलं.

"अरे, हा तर ओरिजिनल कोळी आहे!" अभिनव ओरडला. "नाखवा मिळाला आपल्याला, नाखवा!"

नाखवा म्हणजे होडीचा मालक, होडीवर ज्याचा शब्द चालतो तो. लीलाधरला तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं. बापाने तर मरेपर्यंत त्याला नाव घेऊनसुद्धा हाक मारली नाही, "ए बायल्या" म्हणायचा. तेव्हाच सांगून टाकलं असतं की बाबांनो, मी होडीत पाय ठेवलेला नाही, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण लीलाधर हसला आणि चिखलाचा हात पँटला पुसून त्याने तिघांशी हात मिळवला.

मग ते नाव निभावणं आलं. ईश्वर जिवंत असताना एका गोधडीत झोपून त्याने दर्याच्या ज्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्या सगळ्या लीलाधरने बाहेर काढल्या. माणसाएवढा घोळ मासा, वादळात मोडलेली डोलकाठी, धुक्यात हरवलेली होडी. ईश्वर होता तिथे त्याने "मी" घातला आणि बिनदिक्कत सांगत सुटला. मेलेल्या भावाचे कपडे माणूस वापरतो, याने त्याचा दर्या वापरला. कधी कधी त्याला लाज वाटायची, नाही असं नाही. पण समोर तीन शिकलेली माणसं तोंड उघडं टाकून ऐकत असली की लाज गिळता येते.

आता त्या तिघांचंही सांगायला हवं. त्यांना नाखवा हवा होता तो गोष्टींपुरता आणि कामांपुरता. मासे आणायचे नाखव्याने, साफ करायचे नाखव्याने, जीप धुवायची नाखव्याने. उर्मिला एकदा म्हणाली, "अवं, ती माणसं तुमाला घरगडी समजतान." लीलाधर तिच्यावर खेकसला, "तुला दोस्ती काय ती कलत न्हाय." तिला चांगली कळत होती, त्यालाच कळून घ्यायची नव्हती.

अशातच हिमाचलातल्या स्पितीची मोहीम ठरली. दोन जीपा, तंबू, भाईंदर ते भाईंदर. निघताना गोदूबाईने एकच विचारलं, "पानी हाय का रं तिकरं?"

"न्हाय गो आये. निस्ता डोंगर न् दगर."

तिने सुकटीची पिशवी बांधून दिली आणि ती निर्धास्त झाली.

प्रवासभर लीलाधर मागच्या सीटवर तंबूच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसला. घाटात त्याला ओकाऱ्या झाल्या तेव्हा सुभाषने गाडी थांबवून फोटो काढले. "दर्यावर्दी माणसाला घाट लागला!" असं म्हणत तिघं पोट धरून हसले. मुक्कामाला तिघं खुर्च्या टाकून बसायचे आणि हा थंडीने बधिर झालेल्या बोटांनी कांदा चिरायचा. तरीही तो खूश होता, हे सांगितलंच पाहिजे. ते उघडेबोडके डोंगर बघून त्याला मोकळं वाटायचं. इथे खाडी नव्हती, ओटा नव्हता, त्याला कोरडा ठेवणारं कुणी नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तो आईच्या नजरेबाहेर आला होता.

आणि मग तो नाला आला.

मुख्य रस्ता सोडून ते एका कच्च्या वाटेला लागले होते. वरच्या हिमनदीतून निघालेला नाला ती वाट कापून खाली जात होता. सकाळची वेळ, पाणी गुडघाभर. तेव्हाच गेले असते तर हसत पार झाले असते. पण अभिनवने गाडी थांबवली.

"नाखवा, पाणी म्हणजे तुझं डिपार्टमेंट. बोल, जायचं की थांबायचं?"

आजवर त्याला कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं. लीलाधर काठावर गेला, डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. ओट्यावर बसून जन्मभर त्याने एकच गोष्ट बघितली होती, खाडीचं पाणी चढतं आणि उतरतं. इथे त्याने दगडांकडे पाहिलं. ओली रेघ हळूहळू वर सरकत होती.

"भरती चालू हाय," तो म्हणाला. "दुपारनंतर ओहोटी लागेल. थांबू आपण."

डोंगराच्या डोक्यावर कसली आली भरती? पण खाडीकाठी घरं घेऊन राहिलेल्या त्या तिघांनाही ते पटलं. कोळ्याने सांगितलं ना, मग झालं! बर्फाच्या नाल्याचा हिशेब उलटा असतो. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी सगळ्यात जास्त चढतं, म्हणून असा नाला सकाळीच ओलांडायचा असतो. यांनी गाड्या सावलीला लावल्या, मॅगी केली, पत्ते खेळले. दुपार उलटली तेव्हा नाला गुरगुरत होता आणि पाण्याखालून धोंडे गडगडत जाताना ऐकू येत होते.

"ही तुझी ओहोटी?" अभिनवचा चेहरा लाल झाला होता. "अख्खा दिवस वाया घालवलास, नाखवा. आता उतर तूच. चालत जाऊन तळ बघून ये."

या नादात तशी रीत असते. गाडी घालण्याआधी एकाने कमरेला दोर बांधून पाण्यातून चालत जायचं, खोली बघायची. पण ती पाणी उतरलेलं असताना. जितेंद्र म्हणाला, "उद्या सकाळी बघू ना यार." सुभाष म्हणाला, "तो कोळी आहे रे, त्याला काय होतंय!"

मला पोहता येत नाही. एवढंच म्हणायचं होतं आणि ते जिभेवर आलंही होतं. पण ते म्हटलं की नाखवा संपला, चेण्याचे रविवार संपले, आणि उरणार काय तर खोकी मोजणारा लीलाधर. त्याने ते गिळलं. "दोर बांधा," तो म्हणाला. जितेंद्रने दोराचं टोक धरलं, अभिनवने मोहिमेचा कॅमेरा सुरू केला.

चार पावलं तो नीट गेला. पाचव्याला पायाखालचा धोंडा सरकला आणि पाण्याने त्याला उचललं. थंडी अशी की ओरडायलाही छातीत हवा राहिली नाही. दोर ताणला गेला, तो आत गेला, वर आला, पुन्हा आत गेला. शेवटी काठावर ओढला तेव्हा गुडघे सोलले होते, एक दात तुटला होता, ओठ निळे पडले होते.

"नाखवा, तुला पोहता येत नाही?" अभिनवने विचारलं.

"न्हाय," तो कुडकुडत म्हणाला. "होडीवर पन कवा गेलो न्हाय."

मग सुभाष फिसकन हसला, आणि तिघं हसतच सुटले. स्लीपिंग बॅगेत गुंडाळलेला लीलाधर वाट बघत राहिला, आता आपल्याला काढून टाकतील म्हणून. पण त्यांनी काढलं नाही. सकाळी पाणी उतरल्यावर नाला ओलांडला, मोहीम पुढे गेली आणि त्या दिवशीही कांदा त्यानेच चिरला. त्याला इतकं बरं वाटलं की त्याचे डोळे भरून आले.

त्याने एकच मागणं मागितलं. "तेवढा व्हिडिओ काढून टाक, अभिनव. आईला कळता कामा नये."

"आईशप्पथ," अभिनव म्हणाला. "कट करतो."

परत आल्यावर महिनाभराने अभिनवच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोहिमेची फिल्म दाखवायचं ठरलं. सगळ्यांची घरची माणसं, वर समोसे. लीलाधरने उर्मिलाला नेलं, गोदूबाईलाही नेलं. पोराचं पिक्चर म्हणून तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. "आईंना पुढे बसवा," अभिनव अगत्याने म्हणाला.

डोंगर आले, तंबू आले, लोकांनी वाहवा केली. मग पडद्यावर अक्षरं आली, "नाखव्याची ओहोटी", आणि मागे सर्कशीतलं वाजतं तसलं संगीत सुरू झालं. हॉल हसायला लागला. लीलाधर पाण्यात उतरला, पडला. तेच पडणं पुन्हा, अगदी सावकाश दाखवलं. मग संगीत थांबलं आणि कॅमेऱ्यामागचे अभिनव आणि जितेंद्रचे आवाज ऐकू आले.

"जित्या, लगेच खेचू नको. थांब. मस्त येतंय."

"अरे, त्याचं डोकं आत गेलं."

"दोर आहे ना? थांब जरा."

लीलाधरने हे पहिल्यांदाच ऐकलं. पडल्याबरोबर तिघांनी सगळी ताकद लावून आपल्याला ओढलं, असं तो आजवर समजत होता. उर्मिलाला त्याने घाटातल्या ओकाऱ्याही सांगितल्या नव्हत्या, पण जिवाला जीव देणारे दोस्त आहेत, हे दहादा सांगितलं होतं. त्याला वळून अभिनवकडे बघायचं होतं. मान वळेना.

तेवढ्यात गोदूबाई उठली.

"काढा रं त्याला!" ती किंचाळली. "कोनीतरी काढा! बुरतंय माजा पोर!"

ती पडद्याला जाऊन भिडली आणि त्या पाण्यावर दोन्ही हात मारायला लागली. तिची सावली नाल्यावर पडली. लोकांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय. हशा दुप्पट झाला. कुणीतरी मोबाईल वर धरला. उर्मिला धावली, पण त्याआधी लीलाधर पोचला होता. त्याने आईचं मनगट धरलं. गोदूबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग दुसऱ्या हाताने त्याचं तोंड, केस, सदरा चाचपला. सगळं कोरडं होतं, तरी तिचा विश्वास बसेना.

"आये, बस खाली," तो दबक्या आवाजात म्हणाला. "गंमत हाय ती."

"गंमत?"

"मंग? सगली हसतान, बघ ना."

आणि तिला खरं वाटावं म्हणून तो हसला. अभिनव, जितेंद्र आणि सुभाष त्याच्याकडेच बघत होते, तेव्हा तो आणखी मोठ्याने हसला, इतका की हॉलमध्ये त्याचाच आवाज सगळ्यांच्या वर गेला. अभिनवने पुढे होऊन टाळीसाठी हात केला. लीलाधरने मोकळ्या हाताने टाळी दिली. दुसऱ्या हातात आईचं मनगट होतं आणि ती अजून त्याचा सदरा चाचपून बघत होती.