घट्ट बसणारी झडप

चंद्रशेखर दामल्यांनी जन्मात कधी गोठलेलं तळं पाहिलं नव्हतं. जहाजावरची त्यांची सगळी वर्षं आखातात, कोलंबोत, चितगावात, म्हणजे घामाच्या बंदरांतच गेली. आणि पुढे सिंगापूरच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरी धरून ते यिशुनच्या फ्लॅटमध्ये स्थिरावले, तेव्हा तर उकाडा हा घरातलाच एक माणूस झाला. आणि अशा माणसाने बर्फावरच्या तंबूसाठी शेगडी बनवली.

कारण मीनल. त्यांची एकुलती एक मुलगी, यिशुनच्या शाळेत वाढलेली, माशांचा अभ्यास करायला कॅनडात विनिपेगला गेलेली. २०१७च्या डिसेंबरात सुट्टीला आली ती तिथल्या थंडीच्या गोष्टी घेऊनच. तिकडे म्हणे तळी अशी गोठतात की त्यांच्यावरून मोटारी जातात. लोक बर्फाला भोक पाडतात, त्यावर छोटा तंबू ठोकतात आणि आत बसून गळ टाकतात. मीनल आणि तिची खोलीतली मैत्रीण तन्वी, दोघींनी मिळून जुना तंबू घेतला होता. शेगडी तेवढी नव्हती.

"विकत मिळते की," मीनलची आई, सुलभाताई, म्हणाल्या.

"विकतची?" दामल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, माझ्या हाताखालून जहाजांचे बॉयलर गेले. लेकीला शेगडी विकतची?"

"अहो, पण तुम्हाला थंडी माहीत आहे का?"

"आग माहीत आहे ना."

यार्डातल्या साहेबांना विचारून त्यांनी स्टेनलेस पत्र्याचे तुकडे मिळवले. जेवणाच्या सुट्टीत, कधी काम संपल्यावर, ते त्यात रमून जात. लहानपणी आंघोळीचं पाणी तापवायचा बंब होता, तसं मधून वर जाणारं धुराडं, पाय मिटणारे, दाराला छोटी खिट्टी. सगळी शेगडी मीनलच्या बॅगेत मावेल एवढीच. पण त्यांचा खरा जीव होता धुराड्यातल्या झडपेवर. झडप फिरवली की धुराडं बंद, म्हणजे ऊब वर पळून जात नाही आणि लाकूड पुरतं. ती त्यांनी इतकी नीट घासून बसवली की बंद केल्यावर आतून बॅटरी मारली तरी बाहेर उजेडाची रेघसुद्धा दिसू नये.

हे त्यांच्या हाताचं जुनं वळण होतं. जहाजाला आग लागली तर हवा आत शिरण्याच्या सगळ्या वाटा झडपांनी बंद करायच्या आणि आगीचा श्वास कोंडायचा. केसाएवढी फट राहिली तरी तपासणीत झडप नापास. अशा किती झडपा त्यांनी नापास केल्या होत्या! घट्ट बसते ती चांगली झडप, हे त्यांच्या बोटांना त्यांच्याहून आधी कळायचं.

पासिर रिसच्या किनाऱ्यावर बार्बेक्यूची जागा घेऊन त्यांनी शेगडीची परीक्षाही केली. कट्ट्यावर शेगडी ठेवली आणि जुन्या ताडपत्रीचा आडोसा केला. तिघं आत शिरले आणि लगेच घामाने निथळत बाहेर आले. समोरची बाजू उघडी टाकावीच लागली. कुत्रा फिरवणारे एक चिनी आजोबा थांबून बघत राहिले.

"अंकल, हीटर? सो हॉट ऑलरेडी, लाह!"

"फॉर माय डॉटर," दामले म्हणाले, जणू त्यात सगळं आलं.

निखारे फुलल्यावर त्यांनी झडप फिरवली. धूर नाही, काही नाही. समुद्रावरचा वारा आडोशातून खुशाल वाहत होता. सुलभाताईंचे कांदे भाजून झाले, मक्याची कणसं झाली, तरी पत्रा तापलेलाच. मीनलने बापाच्या पाठीवर थाप मारली. "बाबा, यू आर अ जीनियस."

जानेवारीत शेगडी तिच्याबरोबर गेली.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी मीनलचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. सुलभाताई ओट्याशी पोहे परतत होत्या. दामल्यांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि खुर्ची ओढली.

"बाबा, बघ! बाहेर उणे पंचवीस आणि मी टी-शर्टवर!"

नारिंगी कापडाचा तंबू, मधोमध बर्फातलं काळं भोक, कोपऱ्यात त्यांची शेगडी. दामल्यांचा ऊर भरून आला. आपल्या हातची वस्तू परक्या मुलखात उभी दिसली की होतं तसं.

"वारा नाही ना येत आत?"

"कुठून येणार? तंबूच्या कडेने सगळीकडून बर्फ थापलाय. एक फट नाही. आणि तुझी ती झडप! बंद केली की निखारे संपतच नाहीत रे."

"झकास! तन्वी कुठाय?"

फोन फिरला. तन्वी गाठोड्यासारखी एका बाजूला कलंडलेली. गाल लालबुंद.

"झोपलीये. मासा लागला तरी उठेना, आळशी." मीनल हसली, मग जांभई दिली. "माझंही डोकं जड झालंय. दिवसभर भोकं पाडली ना."

दामल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, त्याला उतरायला वेळच मिळाला नाही. त्यांना मीनल दिसेनाशी झाली. दिसली ती फक्त झडपेची मूठ. आडवी. धुराडं बंद. खाली धगधगणारे निखारे, कडेने थापलेला बर्फ, आणि त्या कोंडलेल्या हवेत दोन पोरी.

तरुणपणी चितगावात त्यांनी जहाजाच्या टाकीतून दोन माणसांना वर काढताना पाहिलं होतं. त्यांचे चेहरे झोपल्यासारखे होते. तेव्हापासून यार्डातल्या प्रत्येक नव्या पोराला ते पहिल्याच दिवशी सांगत: आधी हवा तपासा, मग माणूस उतरवा. निखाऱ्यांच्या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते. हे ते लोकांना शिकवत आले होते. आणि ती घट्ट झडप त्यांनी स्वतःच्या हाताने घासली होती.

"मीनल, दार उघड."

"काय?"

"दार उघड! आत्ता! उघड म्हणतो ना!"

हा घरातला आवाज नव्हता. मशीनच्या गोंगाटात दुसऱ्या टोकाला पोचवायचा यार्डातला आवाज होता. सुलभाताई दचकल्या, हातात झारा तसाच धरून धावल्या आणि त्यांनी फ्लॅटचं दार उघडलं. बाहेर कोणीच नव्हतं. समोरच्या शेजारीणबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"थंडी आत येईल ना बाबा," मीनल म्हणत होती. शब्द ओले झाल्यासारखे, एकमेकांना चिकटून येत होते.

"येऊ दे. ऊठ. मी सांगतो तेवढंच कर."

फोन पडला. पडद्यावर आता फक्त नारिंगी छत. खरखर ऐकू आली, मग थांबली.

"चेन... गोठलीये. सरकत नाही." मग एकदम समजूतदारपणे, "जरा बसते, मग करते हं."

"बसायचं नाही! मीनू, मासे कापायची सुरी कुठे आहे?"

उत्तर नाही. छत तसंच. सुलभाताई त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. काय झालंय हे त्यांना कळलं नव्हतं, पण नवऱ्याचे हात टेबलाची कड धरून पांढरे पडलेले त्यांनी पाहिले. कढईतले पोहे करपायला लागले होते. कुणीच हललं नाही.

"मीनू, तुझी आई इथे उभी आहे," दामले म्हणाले. "तिच्यासाठी ऊठ. सुरी घे आणि कापड फाड."

मग तो आवाज आला. टर्र. पुन्हा एकदा, लांबलचक, टर्र. आणि त्या मागोमाग वारा. असा वारा की फोनचा आवाज फुटला. दामल्यांनी आयुष्यात ऐकलेला तो पहिला बर्फाळ वारा.

"आता तन्वीला ओढ. काखेत हात घाल. बाहेर ओढ!"

धडपड, कण्हणं, कुणाची तरी हाक, लांबून इंग्रजीत कुणी पुरुष ओरडला. आणि पडदा काळा झाला.

परत फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. सुलभाताईंनी जाऊन गॅस बंद केला आणि खिडक्या एकेक करून उघडल्या, उघड्या होत्या त्याही ढकलून पाहिल्या. मग त्या येऊन शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"अहो, काय झालंय?"

"माझी झडप," ते म्हणाले. मग बाकीचं सांगितलं. सुलभाताईंनी ऐकून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दामल्यांना वाटलं. पण त्यांनी फक्त नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि स्वतः नंबर फिरवत राहिल्या.

दुपार कलताना मीनलचाच फोन आला, तन्वीच्या मोबाइलवरून. दोघी हॉस्पिटलात होत्या. शेजारच्या तंबूतले लोक धावून आले होते. तन्वीला ओकाऱ्या झाल्या, प्राणवायूचा मास्क लावलाय, पण शुद्धीवर आहे. उद्या सोडतील.

"आई, रडू नकोस ना. मी बरी आहे. बाबाला दे."

दामल्यांनी फोन कानाला लावला.

"बाबा? ऐक." मीनलचा आवाज खाली आला. "इथे एक ऑफिसर आला होता. शेगडी बघून गेला. म्हणाला, असल्या झडपेला भोक ठेवतात किंवा कडेने फट ठेवतात, ही इतकी घट्ट कुणी बसवली? मी सांगितलं, जुन्या बाजारातून घेतली, बनवणारा माहीत नाही. तन्वीपण तेच सांगेल. तू काळजी नको करूस."

दामले ऐकत राहिले. सकाळपासून त्यांना वाटत होतं की याहून मोठा धक्का आता बसू शकत नाही. मृत्यूच्या दारातून परतलेली लेक पहिलं काम काय करते, तर बापासाठी खोटं बोलते.

"मीनू," ते अखेर म्हणाले. "त्यांना परत बोलाव."

"बाबा, प्लीज. कशाला?"

"सांग त्यांना, माझ्या वडिलांनी बनवली. जहाजांचा इंजिनियर आहे म्हणून सांग. सिंगापूरला असतो. उघड्यावर तपासली, त्याला थंडी माहीत नव्हती."

पलीकडे मीनल हुंदका गिळत होती. सुलभाताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि हे बघ," दामले म्हणाले, "झडपेला भोक केवढं पाडायचं असतं, ते विचारून घे. मला येत नाही."