ज्या भाषणाला काका बसले नाहीत

माझा आजा स्वतःच्याच शिक्षेला ‘बरोबर हाय’ म्हणाला होता. आमच्या घराची गोष्ट सांगायची तर तिथूनच सांगावी लागते. करडी गावाच्या पलीकडच्या आमच्या गावात तेव्हा मालगुजाराचा शब्द चालायचा आणि आजा त्याच्याकडे वर्षाच्या करारावर, धानाच्या मजुरीवर नोकर होता. घरात सगळ्यांना मिळून एक गोधडी, पावसाळाभर तांदळाची पेज. एका हंगामात मालगुजाराच्या कोठारात धान कमी भरलं. त्यानं अंगणात गाव जमवलं आणि चोरी आज्यावर टाकली. तक्रार त्याची, पुरावा त्याचा, निकालही त्याचाच. आमच्याकडे मोठा माणूस बोलत असला की समोर बसलेल्यांनी मधूनमधून ‘बरोबर हाय’ म्हणायचं, अशी रीत आहे. न म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. ‘याला यंदाचं धान मिळणार नाही,’ असं मालगुजार म्हणाला आणि सारं अंगण ‘बरोबर हाय’ म्हणालं. त्यात आजाही म्हणाला. तोंडाला सवय होती... त्याच्या मागे त्याचे दोन मुलगे बसले होते, थोरले माझे बाबा आणि धाकटे श्रावणकाका. त्याच वर्षी आजी गेली. बाबा म्हणायचे, उपाशी गेली. 

हे श्रावणकाका गेल्या महिन्यात गेले. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू होती. मी मोहाडीला शाळेत नववीच्या वर्गावर शिकवत होतो, आणि काकांचा मुलगा सायकलवरून चिखलाच्या पायांनीच वर्गाच्या दारात आला. ‘दादा, बाबा गेले,’ एवढंच तो बोलला. माझे बाबा जाऊन किती वर्षं झाली, तरी एक क्षण मला वाटलं, पुन्हा? घरी पोचेपर्यंत माझ्या मनात दोघांचे चेहरे एकमेकांत मिसळत होते. दोघांनी मिळून मला वाढवलं. मालगुजारी सरल्यावर पडीक जमिनीत बांध घालून धानाच्या बांध्या पाडल्या, धान पिकवलं आणि मला भंडाऱ्याला कॉलेजात ठेवलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. सुट्टीत घरी गेलो की काका ओसरीवरूनच ओरडायचे, ‘अवो वहिनी, आलं आपलं बी.ए.! भात जास्तीचा टाका!’

सत्तरच्या आसपास बाबा सरपंच झाले आणि काका न्यायपंचायतीवर पंच. आजूबाजूच्या गावांची मिळून ती एक न्यायपंचायत होती. कोणाचं जनावर कोणाच्या धानात शिरलं, कोणी कोणाचा बांध कोरला, असले तंटे तिथे मंगळवारी चालायचे. बाबांना रेडिओचा फार नाद. पंचवीस जानेवारीच्या संध्याकाळी ते राष्ट्रपतींचं भाषण कान लावून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी झेंडा झाला की शाळेच्या पटांगणात तसंच भाषण गावापुढे करायचे. वर्षभरात काय झालं, पुढे काय करायचं. सुरुवातच ‘माझ्या प्रिय गाववासीयांनो’ अशी. लोक हसायचे, बाबांना ‘राष्ट्रपती’ म्हणायचे, पण झाडून सारे यायचे. ग्रामपंचायतीचे मेंबर यायचे, बाकीच्या गावांचे पंच यायचे, पहिल्या रांगेत सतरंजीवर बसून ‘बरोबर हाय’ म्हणायचे. येत नसत फक्त काका. ते त्या दिवशी सकाळी झेंड्याला नमस्कार करायचे आणि सरळ शेताकडे चालू पडायचे.

बाबांना ते फार लागायचं. एकदा जेवताना त्यांनी विषय काढला, ‘काहून येत नाही गा तू? गावात पाहुणे विचारतेत, सरपंचाचा भाऊ कुठं गेला म्हणून.’

‘तिथं बसलो तर “बरोबर हाय” म्हणा लागते, दादा,’ काका म्हणाले. ‘नाही म्हटलं तर तुझा अपमान. म्हटलं तर मंगळवारी कोणत्या तोंडानं फैसला देऊ?’

‘दिल्लीत राष्ट्रपती पार्लमेंटात भाषण करतेत तवा समदे बसतेत!’

‘खासदार बसतेत. त्याईले त्या भाषणावर मंग बोलाचं असते. जज बसतेत का? विचार आपल्या बी.ए.ले.’

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी खरोखरच कॉलेजात राज्यशास्त्राच्या सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, राष्ट्रपती संसदेपुढे बोलतात, तिथे न्यायाधीशाचं काम नाही. मी तसं सांगितलं. बाबा ताटावरून उठले. माय म्हणाली, ‘एका ताटात जेवता, मंग एका सतरंजीवर बसाले का होते तुमाले?’ तिचंही खरंच होतं.

पुढच्या भाषणात बाबांनी एक वाक्य टाकलं, की यंदा आपल्या गावात कोणाच्या जनावरानं कोणाची बांधी खाल्ली नाही. त्यांना तसंच सांगण्यात आलं होतं. सारं पटांगण ‘बरोबर हाय’ म्हणालं, पहिल्या रांगेतले पंचही म्हणाले. त्यानंतरच्या मंगळवारी टोलीवरची, गावाबाहेरच्या वस्तीतली, पारबताबाई काकांपुढे येऊन उभी राहिली. विधवा बाई, एकच बांधी. बाबांच्या उजव्या हाताला बसणाऱ्या मेंबरच्या बैलांनी कापणीच्या आधीच तिची बांधी उभी खाल्ली होती आणि तिला गप्प बसवण्यात आलं होतं. मी सव्वीस जानेवारीसाठी आलो होतो तो अजून गावातच होतो, तिथंच होतो.

काकांनी विचारलं, ‘इतके दिवस कुठं होती, बाई?’

‘कोणाकडं येऊ, भाऊजी? समदे पंच पटांगणात बसून “बरोबर हाय” म्हणले. त्याईचा फैसला तर झाला. तुमीच तेवढे बसले नव्हते, म्हणून आली.’

बाकीच्या पंचांच्या माना खाली गेल्या. एक जण पुटपुटला, ‘ते आपलं... रीत म्हणून म्हणलो.’ साक्षी झाल्या, पंच बांधी पाहून आले, आणि मेंबरनं आपल्या शेतातलं धान तिला भरून द्यावं असा फैसला झाला. मेंबरनं दिलं. पण त्या रात्री बाबा काकांना म्हणाले, ‘गावापुढं माझं भाषण खोटं पाडलं तू.’ काका म्हणाले, ‘खोटं मी नाही पाडलं, दादा.’ त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले.

घर एकच, चूल एकच, बोलणं तेवढं बंद. ‘आपल्या दीराले सांग, नांगर लावाचा हाय.’ ‘वहिनी, दादाले सांगा, लावून झाला.’ दोघं समोरासमोर पाटावर बसलेले! माय शेवटी चिडून म्हणायची, ‘मी का पोस्टमन आहो?’ आम्ही पोरं हसायचो, पण काकू मात्र त्या वेळी पदर तोंडाला लावून आत जायची. बाबा दरवर्षी भाषण करायचे, काका दरवर्षी शेतात जायचे. दोघांपैकी कोणी एक जरी थोडा वाईट माणूस असता, तर हे सोपं झालं असतं. दोघंही चांगले होते...

पुढे सरकारनं न्यायपंचायतीच बंद केल्या. ज्या दिवशी काकांना ते कळलं त्या दिवशी ते घरी आले, पाय धुतले आणि मायला मध्ये न घालता सरळ बाबांना म्हणाले, ‘दादा, आता मी पंच नाही. यंदा येतो आयकाले.’  बाबा म्हणाले, ‘पहिल्या रांगेत बसाचं.’ दिवाळी असावी तसं घर झालं त्या दिवशी. बाबांनी महिनाभर आधीच भाषणाची तयारी सुरू केली. सकाळी गोठ्यात बैलांपुढे उभे राहून म्हणून बघायचे. काका तिकडे फिरकतसुद्धा नसत. म्हणायचे, ‘पटांगणातच आयकीन, पुऱ्या गावासंगं.’

जानेवारीच्या सुरुवातीला बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

तरी सव्वीस जानेवारीला बाबांनी खुणेनं हट्ट धरला. आम्ही त्यांना खुर्चीसकट उचलून पटांगणात नेलं. त्यांनी म्हणून दाखवलेलं मला जेवढं आठवत होतं तेवढं मी गावापुढे बोललो. पहिल्या रांगेत काका बसले होते, धुतलेलं धोतर, डोक्याला कोरी टोपी. गाव जागोजागी ‘बरोबर हाय’ म्हणत होतं. काकांच्या तोंडून एकदाही शब्द निघाला नाही. माझं बोलणं संपलं तसे ते उठले, खुर्चीपुढे येऊन मातीत बसले आणि बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, ‘दादा, तू बोल ना गा. याचं नाही आयकाचं मले. तू बोल... आता मी मोकळा आहो.’ बाबांनी तोंड उघडलं. घशातून नुसता आवाज आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तसाच आवाज. ते थांबेपर्यंत काका मान वर करून ऐकत बसले. सारं गाव तिथं बसलं होतं, पण कोणी ‘बरोबर हाय’ म्हटलं नाही.

बाबा त्याच उन्हाळ्यात गेले. शेवटपर्यंत काकाच त्यांना भरवायचे, पुसायचे, कूस बदलून द्यायचे. मी नोकरीला लागलो, लग्न झालं, दर शनिवारी गावी जायचो. काका माझ्याशी सगळं बोलायचे, त्या भाषणाबद्दल मात्र कधी नाही. गेल्या वर्षी धान कापणीच्या वेळी बांधावर बसलो होतो. मी भीतभीतच म्हणालो, ‘काका, एखाद्या वर्षी बसायला हवं होतं का हो?’

‘बसलो असतो, तर पारबता आली असती का?’ ते लगेच म्हणाले. जणू उत्तर तयारच होतं. मग पेंढ्या बांधणाऱ्या बायांकडे वळले. ‘पन दादाचं भाषण गोठ्यातल्या बैलाईनंबी आयकलं रे, बी.ए.,’ ते म्हणाले. ‘मीच राहिलो.’

त्यांना अग्नी दिला तेव्हा पाऊस उघडला होता. पारबताबाई आली होती, आता अगदी म्हातारी. नातवाचा हात धरून बांधाबांधानं चालत आली, लांब उभी राहिली आणि परत गेली. तो मेंबरही आला होता. त्यानं खांदा दिला.

माझ्या काकांनी सख्ख्या भावाचं एकही भाषण ऐकलं नाही. ते पंच होते तोवर त्यांच्या एकाही फैसल्याविरुद्ध कोणी भंडाऱ्याच्या कोर्टात गेलं नाही.