कमरेची आकडी
दाराआडच्या खिळ्यावरची लाकडी आकडी पुसायला घेतली की मुरलेल्या तेलाचा वास येतो आणि गिरगावातल्या वकिलांची खोली आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत गावी बांधावरच्या फणसावरून भांडण पेटलं आणि माझ्या थोरल्या भावानं चुलतभावाला कोयत्यानं मारलं. खालच्या कोर्टानं फाशीची शिक्षा दिली. हायकोर्टात अपील होतं. वकील म्हणाले, "कोयता घेऊनच भांडायला गेला, म्हणजे ठरवून मारलं, असंच जज्जसाहेब धरणार." मला ते पटेना. दुसऱ्या दिवशी आकडी कमरेला बांधून लालबागच्या माझ्या खोलीवरून चालत पुन्हा त्यांच्याकडे गेलो. नाक्यानाक्यावर पोलीस झडती घेत होते, म्हणून कोयता खोलीवरच ठेवला. सदरा वर करून म्हटलं, "आमच्याकडे माणूस सकाळी उठला की ही बांधतो नि कोयता अडकवतो, तो झोपतानाच काढतो. तुमच्या खिशाला पेन आहे, ते काय कुणाला भोसकायला लावलंय?" वकील हसले नाहीत, कागद चाळायला लागले. पंचनाम्यात भावाच्या कमरेची आकडी लिहिलेली होती, पण ती कशाला असते हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यावरच ते कोर्टात बोलले आणि फाशी टळून सात वर्षांची सजा झाली. दुसरीत शाळा सोडलेल्या माणसानं वकिलाला शिकवलं, हे मी आजही छातीठोक सांगतो. भाऊ सुटून आला तेव्हा हीच आकडी मी त्याच्यापुढे धरली. त्यानं हात पुढे केला नाही. म्हणाला, "तुझ्याकडेच रवांदे." आणि मरेपर्यंत त्यानं कमरेला आकडी बांधली नाही.