सुतळीची गाठ

मुलांनो, आमच्या फाटकाशी मेथी विकायला बसणाऱ्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. ती पारशिवनीकडून पहिल्या बसने येते. तिची नात बंगळुरूला पहिलीत आहे. इंग्रजी शब्द पक्के व्हावेत म्हणून घरीही इंग्रजीच बोला, असं शाळेने सांगितलं आणि तिच्या मुलाने घरात मराठी बंद केली.

"जुडीवर कोथिंबीर मी देतो, शब्द तुम्ही द्या बाई," ती एकदा म्हणाली. तेव्हापासून मी रोज एक इंग्रजी शब्द देत गेले, माझ्या शिकवण्याच्या सवयीप्रमाणे ओळीने: आधी भाज्या, मग वस्तू, मग प्राणी. तिला लिहिता येत नाही. जुड्या बांधायच्या सुतळीचा एक तुकडा तिच्या मनगटाला असे, त्यावर ती प्रत्येक शब्दाची गाठ मारी. रविवारी फोनवर नातीला शब्द ऐकवला की ती गाठ सोडी.

एका सोमवारी गाठी तशाच होत्या.

"फोन नाही केलास?"

"केला ना. पोरगी रडून राह्यली होती, इंग्रजीतच काही सांगे. अन माह्यापाशी निस्तं वांगं, छत्री अन हत्ती."

"मग मराठीत बोलायचं!"

"बोलली ना बाई. तिले समजलंच नाही."

मला तिच्याकडे बघवेना. त्या दिवशी मी तिला 'रडू नको, मी आहे' हे इंग्रजीत शिकवलं. तिने ते दहादा घोकलं आणि घट्ट गाठ मारली. पुढच्या रविवारी नात हसत होती, दोन मिनिटांत खेळायला पळाली.

बाकीच्या गाठी सुटल्या. ती 'रडू नको'ची एक अजून मनगटावर आहे.