झेलाच्या खोलीतला कोट

आमच्या खोऱ्यात कुणी चारचौघांत जांभई दिली की लोक आधी आपले खिसे चाचपतात. जांभई, मागोमाग शिंका, अंगावर काटा, नाकाला धार. दुखणं मारणाऱ्या गोळीची सवय लागली आणि ती सुटायला लागली की माणसाचं काय होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. आणि माझा धाकटा भाऊ आर्विल त्या हिवाळ्यात दिवसभर जांभया देत होता.

चोर नव्हता हो तो. सख्खा भाऊ म्हणून म्हणत नाही. त्याचे दुर्गुण सांगायला बसले तर कॉफी गार होईल तुमची. पण कुणाच्या वस्तूला त्याने कधी हात लावला नाही. सगळी उमेदीची वर्षं खाणीत गेली, तीही कोळशाच्या तीन फूट उंचीच्या थरात. म्हणजे ताठ उभं राहायचं ते घरी आल्यावर. आत सगळं गुडघ्यावर, नाहीतर कुशीवर पडून. एकदा छताचा दगड सुटला तो थेट कमरेवर. जोडीदार होबर्टने काखेत हात घालून ओढला म्हणून जगला.

पाठ मात्र गेली ती गेलीच. डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या. गोळी घे, कामावर जा, परत ये, गोळी घे. खाणीला माणूस हवा होता, ह्याला पगार हवा होता, पाठीचं मत कोण विचारतो! पुढे एका सकाळी, वाटेल तशा गोळ्या लिहून देतो म्हणून डॉक्टरलाच पोलीस घेऊन गेले, दवाखान्याला टाळं लागलं, आणि अख्खं खोरं जांभया द्यायला लागलं.

तोवर आर्विलची बायको कंटाळून माहेरी गेली होती. तो माझ्याकडे आला. तालुक्याच्या गावी एक नवी डॉक्टरीण आली होती, शहाणी बाई. तिने बजावलं, "हळूहळू कमी करू. एकदम सोडायची नाही, मधेच चुकवायची नाही. पाठ थोडीफार दुखत राहणारच, तिला सांभाळून जगायला शिकू." गोळ्यांचा पत्र्याचा डबा माझ्या ताब्यात, किल्ली माझ्या गळ्यात. दुपारी तो जमिनीवर पडायचा, पाय खुर्चीवर, कमरेखाली गरम पाण्याची पिशवी. संध्याकाळी नाल्यापर्यंत चालून यायचा. आणि रोज सकाळी हा पन्नाशी उलटलेला बाप्या माझ्यासमोर तळहात पुढे करायचा. तोंडाकडे कधी बघायचा नाही. मी गोळी ठेवली की मूठ मिटायचा आणि म्हणायचा, "हवा बरी आहे आज." बाहेर धो धो पाऊस असला तरी हेच.

मार्चमध्ये होबर्ट गेला. कोळशाच्या धुळीने फुफ्फुसं पार दगड झाली होती त्याची. शेवटी शेवटी त्यालाही जबर गोळ्या चालू होत्या. आणि आर्विल रोज त्याच्या उशाशी जाऊन बसायचा. लोकांनी त्याचा काय अर्थ काढला असेल, ते मी सांगायला नको.

दोघांचं फार जुनं बोलणं झालेलं होतं. जो मागे राहील त्याने दुसऱ्याची कबर खणायची. आमच्याकडे कबरी डोंगरमाथ्यावर. यंत्र तिथवर चढत नाही, आणि चढलं असतं तरी परक्याच्या यंत्राने आपला माणूस कोण पुरतो? मित्र, भाऊबंद टिकाव-फावडी घेऊन वर जातात. आर्विलला एवढंच हवं होतं, होबर्टची कबर आपल्या हातून व्हावी. दुसरं काही मागत नव्हता बिचारा.

आदल्या दिवशी आम्ही होबर्टच्या घरी गेलो. मी घेवड्याच्या शेंगा आणि मक्याचा पाव नेला होता. मयताच्या घरी आलेल्यांचे कोट आतल्या खोलीत पलंगावर टाकायची पद्धत आहे. निघताना ज्याने त्याने आत जाऊन आपापला कोट हुडकायचा. आर्विलने कोट काढला, तो होबर्टची बायको झेला पुढे झाली आणि त्याच्या हातातून घेतला.

"मी टाकते आत," ती म्हणाली.

"अगं, मी टाकतो की."

"राहू दे, आर्विल."

आणि निघायच्या वेळी बघतो तर त्याचा कोट बाहेर, ओसरीतल्या खुर्चीवर घडी घालून ठेवलेला. एकट्याचाच. बाकी सगळे आत जाऊन कोट घेत होते. होबर्टच्या गोळ्या त्या खोलीत होत्या ना! सगळ्यांनी तो कोट पाहिला आणि सगळे दुसरीकडे बघायला लागले. माझ्या कानशिलांना आग लागली. झेलाचा राग आला आणि तिचं चुकलं असंही म्हणता येईना. दोन घरं पलीकडे मयताच्या दिवशीच गोळ्यांची बाटली गायब झाली होती.

आर्विल त्या खुर्चीपाशीच उभा राहिला. होबर्टचा मुलगा डेन्व्हर खणणाऱ्यांची जमवाजमव करत होता. त्याला म्हणाला, "सकाळी मी येतोय."

"काका, तुम्ही नका येऊ. तुमची पाठ..."

"तुझ्या बापाला शब्द दिलाय मी."

कुणीतरी मागून पुटपुटलं, "गोळी पोटात गेली की पाठ ठणठणीत होते त्याची." दोघेतिघे हसले.

आर्विल कानापर्यंत लाल झाला. "गोळीला हात न लावता खणीन," तो म्हणाला, "आणि पुरी खणीन. या बघायला."

झालं! आमच्या डोंगरातल्या माणसाने ओसरीवर शब्द टाकला की तो गिळत नाही, मग जीव गेला तरी बेहत्तर. वाटेत मी चिक्कार बडबडले. "डॉक्टरीण काय म्हणाली होती? चुकवायची नाही म्हणाली होती ना? ती गोळी औषध आहे तुझं, चोरीचा माल नाही!" तो नुसता हं हं करत राहिला. सकाळी मी तळहातावर गोळी ठेवली, त्याने हात तोंडाकडे नेला, पाणी प्यायला. मला वाटलं, गेली पोटात.

मी थोड्या वेळाने खणणाऱ्यांसाठी कॉफीची किटली घेऊन वर चढले. आर्विल खड्ड्यात होता. वाकून टिकाव मारता येत नव्हता, तेव्हा तो गुडघ्यावर बसून खणत होता, खाणीत खणायचा तसा. आणि काय खणत होता! डेन्व्हरची पोरं काठावर उभी राहून नुसती माती ओढत होती. खड्डा चांगला खोल गेला. त्याने शर्टाच्या खिशातून चिमटीत गोळी काढून डेन्व्हरला दाखवली. "ही बघ. घेतली नाही." आणि हसला. कित्येक महिन्यांनी त्याला हसताना पाहिला मी. सकाळी त्याने मला फसवलं होतं तर!

मग त्याला शिंका सुरू झाल्या. एकामागून एक. घामाने शर्ट भिजला आणि दात वाजायला लागले. पाचव्या का सहाव्या शिंकेला पाठीत उसण भरली आणि तो तसाच मातीच्या भिंतीला टेकला. हलता येईना. पोटही बिघडलं होतं. वास आला तशी पोरं मागे सरकली. खालून गाण्याचा आवाज येत होता. लोक होबर्टला घेऊन डोंगर चढत होते.

"काका, हात द्या," डेन्व्हर म्हणाला. आर्विलने हात वर केला आणि असा ओरडला की माझ्या हातातली किटली सांडली.

"घे ती गोळी!" मी काठावरून ओरडले. "घे मुकाट्याने! तुझीच आहे ती!"

त्याने खिशात बोटं घातली. गोळी निसटली आणि चिखलात पडली. आणि माझा भाऊ होबर्टच्या कबरीत गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी चिखल चिवडत ती शोधायला लागला. शवपेटी तोवर वर आली होती. गाणं थांबलं. झेला अगदी काठाशी उभी होती. त्याला गोळी सापडली, त्याने चिखलासकट ती तोंडात टाकली आणि मग वर बघितलं. धरणीने पोटात घ्यावं असं आपण म्हणतो. हा तर आधीच तिच्या पोटात होता, आणि सगळं गाव वरून बघत होतं.

शवपेटी खाली सोडायचे पट्टे त्याच्या काखेत अडकवून डेन्व्हरने आणि तिघांनी त्याला ओढून काढलं. राहिलेली दोन वीत माती पोरांनी खणली. मी त्याला माझ्या घरी नेलं, अंग पुसलं, कपडे बदलले. गोळी लागू पडल्यावर तो उठून बसला आणि म्हणाला, "झेलाकडे जेवायला जायला हवं. नाही गेलो तर म्हणतील पळाला."

गेलो. पुन्हा पलंगावर कोटांचा ढीग. दारातच झेलाने त्याचा कोट काढून घेतला आणि आत नेऊन टाकला. आर्विल कोपऱ्यात बसून राहिला. ताटातलं अन्न त्याने नुसतं चिवडलं. कुणी त्याला काही बोललं नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघताना झेला आली. रडून डोळे सुजले होते तिचे. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आर्विल, तुझा कोट आत आहे. जा, घे जाऊन."

ती दारातून बाजूला सरली. उघड्या दारातून पलंग दिसत होता, आणि उशाशी, होबर्टच्या चष्म्याशेजारी, गोळ्यांच्या बाटल्याही.

आर्विल दोन पावलं पुढे गेला. उंबऱ्यापाशी थांबला. मग वळला आणि नुसत्या शर्टावर बाहेर पडला.

मी मागे धावले. भुरभुर बर्फ पडत होतं. "अरे मूर्खा, एवढं ती तोंडाने म्हणाली, सगळ्यांसमोर म्हणाली! आणि तू तिचा अपमान करून आलास?"

तो कुडकुडत चालत राहिला. नाल्याच्या पुलावर आल्यावर म्हणाला, "तिचा विश्वास आहे गं, ओमा. माझाच माझ्यावर नाही."

मी माझा कोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला, बायकी, फुलाफुलांचा. त्याने तो घट्ट ओढून घेतला.

दुसऱ्या सकाळी तो हात पुढे करायला आला. मी गोळी ठेवली. त्याने ती जिभेवर ठेवली, पाणी प्यायला आणि मी न सांगताच माझ्यापुढे आ केला, गिळली की नाही ते मी बघावं म्हणून. मला बघवेना, पण मी बघितलं. तेव्हापासून रोज तो तसाच उभा राहतो. झेलाने तीनदा निरोप पाठवला, डेन्व्हर कोट आणून द्यायलाही तयार होता. आर्विल म्हणतो, नको, मी स्वतः जाऊन घेईन. कोट अजून तिथेच आहे.