लिफ्टवाला जिन्याने का जातो

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने आठव्या मजल्यावरच्या आपल्या घरी जिन्याने जावं, याहून लाजिरवाणी गोष्ट त्याच्या धंद्यात नसेल. आपला हा मेकॅनिक तीन आठवडे तेच करत होता, आणि कुणी विचारलंच तर "पोट सुटलंय हो" म्हणून पोटावर हात मारत होता. पोट म्हणाल तर पाठीला लागलेलं.

त्याचं झालं असं. एका रविवारी दुपारी मेहुणा आला आणि त्याने टीव्हीवर भुताचा सिनेमा लावला. त्यात एक बाई लिफ्टमध्ये एकटी असते आणि लिफ्टच्या छतावर कुणीतरी नखांनी खरवडतं. बस, एवढंच. हा माणूस अठरा वर्षं लिफ्टच्या छतावर उभा राहून काम करत आलेला. तिथे काय असतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? ग्रीस, धूळ, नाहीतर कुणाचा तरी विसरलेला पाना. तरी त्याच्या तोंडचं पाणी पळालं. छतावर काम करताना अजूनही काही वाटायचं नाही. पण प्रवासी म्हणून आत शिरला आणि दार लागलं, की मान आपोआप वर वळायची आणि तळहात घामाने चिंब व्हायचे.

सिनेमा संपला तेव्हा शेजारी बसलेल्या दहा वर्षांच्या लेकीने त्याची बाही धरून विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला भीती वाटली?"

"मला? हॅ! अगं, ते तर माझं ऑफिस!"

सगळे हसले. मेहुण्याने टाळी दिली. लेकीने बाही सोडली.

आता तुम्ही म्हणाल, खरं सांगायला काय झालं होतं? सोपं नसतं बुवा ते. कुत्रा अंगावर आला म्हणून घाबरलात, तर लोक पाणी आणून देतात. सिनेमाला घाबरलात तर हसतात, कारण ते खोटं आहे हे तुम्हालाही ठाऊक असतं. म्हणजे भित्रा तर भित्रा, वर मूर्खही. त्यात याच्या कामाची एक पद्धत. छतावर पाय ठेवण्याआधी जोडीदार वरच्या मशीनरूममधून ओरडतो, "बरा आहेस ना?" "बरा आहे" म्हणालात तरच काम सुरू, नाहीतर त्या दिवशी तुम्ही खाली. नियम चांगलाच, जीव वाचवण्यासाठी केलेला. पण खाली उतरवलेल्या माणसाची चेष्टा महिनाभर चालते. तेव्हा ताप असो नाहीतर चक्कर, याचं उत्तर ठरलेलं. अठरा वर्षांत जिभेला दुसरं वळणच राहिलं नव्हतं.

एका मंगळवारी काम लवकर आटोपलं आणि तो चार वाजताच घरी निघाला. पाचव्या मजल्याच्या वळणावर पायरीवर लेक बसलेली. दप्तर मांडीवर, चेहरा लालबुंद, धाप लागलेली. दोघंही चोरी पकडली गेल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिले.

"लिफ्ट बंद आहे का गं?" त्याने विचारलं. ती लिफ्ट त्यानेच आठवड्यापूर्वी तपासून दिली होती.

"नाही. व्यायाम करतेय. तुम्ही?"

"मी होय? लिफ्टची दारं बघतोय. एकेका मजल्यावरची."

तिला ते खरं वाटलं. थोडा वेळ ती दप्तराचा पट्टा ओढत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "बाबा, व्यायाम नाही. तो सिनेमा बघितल्यापासून मी रोज जिन्यानेच येते. आईला सांगू नका हं. मामा खूप हसेल."

त्याला 'मी पण' एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. लेकीला जवळ घ्यायचं, पायरीवर बसायचं आणि म्हणायचं, मी पण. शब्द ओठांपर्यंत आलेसुद्धा.

"वेडी कुठली! भूतबीत काही नसतं. चल लिफ्टने, मी आहे ना," तो म्हणाला.

दार लागलं. दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले होते आणि दोघंही मजल्यांच्या आकड्यांकडे बघत होते. सहा. सात. हातांमध्ये घाम सुटला होता. कुणाचा, ते त्याला ठाऊक होतं. तिला वाटलं आपलाच.

आठव्या मजल्यावर दार उघडलं. तिने हात सोडवून घेतला, फ्रॉकला पुसला आणि खाली बघत म्हणाली, "सॉरी बाबा. मी तुमच्यासारखी नाहीये."

त्याने तोंड उघडलं.

"होईल सवय," तो म्हणाला, आणि तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेऊन त्याने बेल वाजवली.