रोळलेले तांदूळ

माझी बायको सुमन तांदूळ रोळत होती. भांडं अलगद कलतं करून खडे तळाशी ठेवत होती. मला कालचे डॉक्टर आठवले.

महिनाभर सुमननं कूस बदलली किंवा वर पाहिलं की तिला घर गरगरायचं. पित्त समजून आम्ही मोरावळ्यावर भर दिला. डॉक्टरांनी तिची मान वळवून तिला झटकन आडवं केलं, डोळ्यांची थरथर पाहिली. म्हणाले, "कानातले बारीक कण जागा सोडून गेलेत." मग असंच कलतं करत तिचं डोकं टप्प्याटप्प्यानं फिरवलं. घर फिरवणारी गोष्ट एवढीशी. तिला जाणते हात पुरले.

"वरच्या फळीवरचा डबा काढून देऊ?" मी विचारलं.

सुमननं मान वर केली, क्षणभर थांबली आणि हसली. "नको. फळी जागेवर आहे."